2008 च्या ऑल्टोला नव्या ब्रेक डिस्क: कोणत्या घेतल्या आणि का

तक्रार एका वाक्याची होती. "तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक मारला की स्टेअरिंग नाचतंय बघा, एरवी काय त्रास नाही." गाडी मारुती ऑल्टो, 2008 ची, सोलापूरची एमएच-13 पासिंग, पहिल्यापासून एकाच घरात. मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे. आयुष्य मागांवर गेलं असल्यामुळे काकांना यंत्राची नेहमीची थरथर कुठली आणि बिघाडाची कुठली हे वेगळं सांगावं लागत नाही. दर पौर्णिमेला घरच्यांना घेऊन तुळजापूर, अधूनमधून अक्कलकोट, बाकी सगळं गावातल्या गावात. 2023 मध्ये गाडीची 15 वर्षं भरली तेव्हा त्यांनी आरटीओत तपासणी करून 5 वर्षांची पुनर्नोंदणी घेतली. म्हणजे 2028 पर्यंत गाडी वापरायची हे नक्की, त्यापुढचं तेव्हा बघू. पार्ट निवडताना ही माहिती फार उपयोगी पडली.

गाडी माझ्याकडे आली तोवर "कोणती डिस्क टाकायची" याची उत्तरं घरात जमा झाली होती. मुलाने मोबाईलवर भोकं पाडलेल्या, रेषा कोरलेल्या डिस्क शोधून ठेवल्या होत्या. ओळखीच्या एका मिस्त्रीने सांगितलं होतं की लेथवर फेस मारून घ्या, म्हणजे डिस्क तासून सपाट करून घ्या, स्वस्तात भागतंय. स्पेअरच्या दुकानदाराने तीन खोकी समोर ठेवली होती: एक कंपनीचं, एक नावाजलेल्या ब्रँडचं आणि एक बिननावाचं. शेजाऱ्यांचा सल्ला भंगारातून चांगली जोडी काढून आणायचा. एवढी उत्तरं तयार होती आणि चाक मात्र कुणीच उघडलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे वारंवार होताना दिसतं आणि मला ते खटकतं, कारण ब्रेक चुकला तर नुकसान पैशांवर थांबत नाही.

थरथर नेमकी कुठून

गाडी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत नेली. 80 च्या वेगाला ब्रेकला हात लावला नाही तर स्टेअरिंग शांत. म्हणजे टायर आणि बॅलन्सिंगचा प्रश्न निकाली. पेडल हलकं दाबलं की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरायला लागायचं आणि पायाखाली पेडल बारीक ठोके द्यायचं. वेग कमी होईल तसे ठोकेही संथ व्हायचे, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेले. मग मोकळ्या जोडरस्त्यावर, अगदी कमी वेगात, हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवून तो हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. गाडी सरळ, गुळगुळीत थांबली. मागचे ड्रम अंडाकार झाले असते तर इथेच धक्के जाणवले असते. तेव्हा दोष पुढच्या डिस्कमध्येच होता.

"डिस्क वाकली" असं निदान गॅरेजमध्ये सर्रास होतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. पॅड दोन्ही बाजूंनी डिस्क पकडतात. एका फेरीत डिस्क कुठे शेकड्याभर मायक्रॉननी नव्हे, नुसती दहा-पंधरा मायक्रॉननी, म्हणजे 0.01 ते 0.015 मिमी, जाड-बारीक झाली तरी पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मागेपुढे ढकलला जातो, ते ब्रेक ऑइलमधून पेडलला कळतं आणि स्टेअरिंगलाही. आणि हा फरक तयार कसा होतो, तर हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर, डिस्क थोडी तिरकी बसलेली असते. गाडी चालू असताना, ब्रेक दाबलेला नसतानाही, तिचा एक भाग पॅडला पुसटसा घासत जातो. असं काही हजार किलोमीटर झालं की तो भाग बारीक होतो. तिरकेपणा आज जन्मतो, थरथर काही महिन्यांनी येते. म्हणून नवी डिस्क टाकूनही पुढच्या वर्षी तीच तक्रार घेऊन लोक परत येतात आणि दोष डिस्कच्या नावावर जातो.

चाक उघडल्यावर

आधी मोजमाप, मग बोलणं. मायक्रोमीटर काकांनी स्वतःच हातात घेतला आणि मला ते आवडलं. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न घासलेली कड उभी राहिलेली असते. व्हर्निअर त्या कडेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो, म्हणून मायक्रोमीटरच हवा, तोही काठापासून साधारण 10 मिमी आत. प्रत्येक डिस्कवर खडूने आठ खुणा करून आठ ठिकाणी जाडी घेतली.

ऑल्टोची पुढची डिस्क साधी, एकसंध पत्र्यासारखी, मध्ये हवेच्या फटी नसलेली. नवी असताना 10 मिमी, आणि 8 मिमीच्या खाली वापरायची नाही. डावीकडची 8.90 ते 8.93 भरली. उजवीकडची 8.41 ते 8.45, आतल्या बाजूला बोटाच्या नखाला अडकतील असे चर. फरक दोन्ही डिस्कमध्ये होता, उजवीत जास्त, 0.04 मिमी, आणि तोच काकांच्या हातात नाचणारं स्टेअरिंग.

पण एकच गाडी, एकच पाय, एकच रस्ता, मग उजवी डिस्क डावीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त का झिजली? उत्तर पॅडमध्ये होतं. डावीकडचे दोन्ही पॅड साधारण 5 मिमी शिल्लक. उजवीकडे बाहेरचा 6 आणि आतला जेमतेम 2. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतला पॅड करतो आणि ब्रेक सोडल्यावरही पुरता सुटत नाही. उजवीकडची खालची पिन हाताने हलेना. रबरी बूट फाटलेला, आत धूळ आणि वाळलेलं ग्रीस मिळून काळी चिकटी झालेली. कोकणात डिस्कला गंज खातो. आपल्याकडे पाऊस बेताचा, पण धूळ बाराही महिने, आणि ती अशी फाटक्या बुटातून आत शिरते.

डिस्क काढण्याआधी डायल गेज, म्हणजे बारीक हलणं सुईवर दाखवणारं माप, लावून तिरकेपणा पाहिला. उजवीकडे 0.16 मिमी, मर्यादा 0.10. ऑल्टोच्या डिस्कला चाकाच्या बोल्टांखेरीज दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे दोन बोल्ट टाकून आळीपाळीने पाव-पाव फेरी आवळत गेलं की डिस्क हबपासून आपोआप सुटते. हातोड्याचे घाव घालायची गरज नसते, आणि ते घाव हबच्या बेअरिंगला सोसवत नाहीत. उजवी डिस्क निघाली तेव्हा हबच्या तोंडावर, एका बोल्टाच्या बुडाशी, नखाएवढी गंजाची खपली घट्ट बसलेली दिसली. ती खपली डिस्कला एका बाजूने उचलून धरत होती. हबचं तोंड लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळे हबपाशी जेवढी फट असते त्याच्या जवळजवळ दीडपट तिरकेपणा डिस्कच्या काठाशी उमटतो. काकांनी ती खपली बोटाने चाचपली आणि म्हणाले, "एवढ्याश्यानं?" एवढ्याश्यानंच.

पर्याय एकेक करून

फेस मारणं हा पर्याय मी सहजासहजी उडवून लावत नाही. डिस्क जाड असेल तर तो उत्तम आणि स्वस्त उपाय आहे. इथे हिशेब मांडला. उजव्या डिस्कचे चर घालवायला दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर काढावं लागणार. 8.41 मधून 0.50 गेले, उरले 7.91. मर्यादेच्या खाली. प्रश्न संपला. डावी डिस्क मात्र फेस मारून 8.60 वर राहिली असती, आणि काकांच्या वापरात 2028 काय, त्यापुढेही टिकली असती. हे मी त्यांना लपवलं नाही. तरीही एका बाजूला 10 मिमीची नवी आणि दुसऱ्या बाजूला 8.60 ची जुनी अशी जोडी मी लावत नाही. कारण उष्णतेचं आहे.

माणसं धरून हजार किलोची गाडी 80 च्या वेगातून एका दमात थांबवली तर जवळपास 250 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. ऑल्टोच्या डिस्कचा घासणारा पट्टा अवघा दीड-पावणेदोन किलोचा, त्यामुळे एका थांबण्यात त्याचं तापमान शंभराहून अधिक अंश सेल्सिअसने चढतं. तीच डिस्क 8 मिमीवर आलेली असेल तर लोखंड पाचव्या हिश्शाने कमी, म्हणजे चढही पाव हिश्शाने जास्त. घाटात एकामागून एक वळणं येतात, मध्ये थंड व्हायला वेळ नसतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात सुरुवातच चाळिशीच्या हवेपासून होते. डाव्या-उजव्या डिस्क वेगवेगळ्या तापल्या की दोन्हीकडची पकड वेगळी होते आणि गाडी एका बाजूला ओढते. डिस्क जोडीनेच बदलायच्या आणि पॅडही सोबत नवेच, हा नियम यातून येतो. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात, ते नव्या डिस्कवर टेकवणं म्हणजे नवी डिस्क वाया घालवणं.

भंगारातली जोडी का नको हेही याच हिशेबात येतं. ती किती मिलिमीटरची आहे आणि कुठे तापून भेगाळली आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघून ठीक निघाली तरी साधारण आपल्याच डिस्कएवढी झिजलेली असते.

मुलाच्या भोकाच्या डिस्कवर थोडा जास्त वेळ दिला, कारण त्याला खरोखर गाडी चांगली थांबायला हवी होती. भोकं आणि चर हे शर्यतीच्या गाड्यांत आले ते तापलेल्या पॅडमधून निघणारा वायू आणि पाणी बाहेर जावं म्हणून. आजच्या पॅडमध्ये तो वायूचा त्रास फारसा उरलेला नाही. ऑल्टोच्या छोट्या डिस्कमधून भोकांमुळे लोखंड कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी, आणि भेग पडायची झाली तर ती भोकाच्या काठापासूनच सुरू होते. त्यात ही गाडी 12 इंची चाकांची, अरुंद टायरची. जोरात ब्रेक मारल्यावर टायर घसरण्याइतकी ताकद मूळ ब्रेकमध्ये आहेच. त्यापुढे ब्रेक वाढवून थांबण्याचं अंतर कमी होत नाही, ते टायरवर ठरतं. मुलाने लगेच पुढचे टायर किती जुने आहेत ते विचारलं. योग्य प्रश्न. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ती पाहिली, टायर अजून ठीक होते.

मग उरली दुकानातली तीन खोकी. दुकानदार ओळखीचा, त्याने काउंटरवरच मोजू दिलं. बिननावाच्या डिस्कची जाडी 10 च्या जवळ होती, त्यात फसवणूक नव्हती. पण तिच्यावर किमान जाडीचा आकडा कुठेच नव्हता. ओतकामाची धार डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागाच्या आतल्या कडेला तशीच राहिलेली. काढण्यासाठीची दोन आट्यांची भोकं नव्हतीच, म्हणजे पुढच्या वेळी हातोडा आलाच. आणि सगळ्यात वाईट, मधलं भोक हबच्या गळ्यावर, म्हणजे हबच्या मध्ये उठलेल्या गोल भागावर, सैल होतं. सोबत नेलेल्या जुन्या डिस्कचं भोक आणि हिचं भोक व्हर्निअरने ताडून पाहिलं तर फरक डोळ्यांनाही दिसत होता. डिस्कला मध्यावर धरून ठेवतो तो हबचा गळाच. तो सैल असेल तर डिस्क बसवताना जिथे सरकेल तिथे राहते. आपण गंजाच्या एका खपलीमागे लागलो होतो, इथे तर त्याहून मोठी फट खोक्यातूनच मिळत होती.

नावाजलेल्या ब्रँडची आणि मारुतीच्या एमजीपी (मारुती जेन्युइन पार्ट्स) खोक्यातली, दोन्ही मापात बरोबर निघाल्या. दोन्हींवर किमान जाडी ओतलेली, कड सफाईदार, मधलं भोक नेमकं. दोन्ही ग्रे कास्ट आयर्नच्या, जे डिस्कसाठी मुद्दाम वापरतात. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन पसरते आणि किंचाळणारा आवाजही दबतो. इथे माझं मत स्पष्ट होतं: दोन्हींपैकी जी आज हातात मिळेल आणि परवडेल ती घ्या. जुन्या डिस्क सुमारे 78 हजार किलोमीटर चालल्या होत्या, त्यातही एक जाम पिनेने खाल्लेली. वर्षाला पाच हजारच्या आसपास चालणाऱ्या गाडीला यातली कोणतीही जोडी गाडीपेक्षा जास्त आयुष्याची. अशा वेळी वरच्या खोक्यासाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा तेच पैसे पिना, बूट आणि ब्रेक ऑइलला लावावेत. काकांनी ब्रँडची जोडी घेतली. पॅड मात्र कंपनीच्या जातीचे, मऊ मिश्रणाचे घेतले. धातूचं प्रमाण जास्त असलेले कडक पॅड थंड असताना कमी पकडतात आणि डिस्क लवकर खातात. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

बसवताना

खरं काम हबवर होतं. तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने दोन्ही हबची तोंडं, बोल्टांच्या बुडाशीसुद्धा, चकचकीत होईपर्यंत घासली. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायचं. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने काढला. डिझेलने पुसणारे आहेत, पण त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि पॅड तो पिऊन घेतात.

डिस्क बसवून चाकाचे चार नट वॉशर घालून आवळले आणि डायल गेज लावला. उजवीकडे 0.09 आला. मर्यादेत होता, तरी सोडून दिला नाही. डिस्क काढून एक बोल्ट पुढे फिरवून बसवली. 0.04. हब आणि डिस्क दोन्हींत थोडा थोडा तिरकेपणा असतोच. तो एकमेकांत भर घालतो की एकमेकांना खोडतो हे कोणत्या भोकात कोणता बोल्ट जातो यावर ठरतं. याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. डावी पहिल्याच बैठकीत 0.05.

दोन्ही बाजूंच्या पिना बदलल्या, बूट नवे, आणि ग्रीस रबराला चालणारं सिलिकॉनचं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. कॅलिपर पाइपवर लोंबकळू न देता तारेने टांगून ठेवला. पिस्टन मागे ढकलताना कॅलिपरचं निपल (ऑइल बाहेर काढायचं तोंड) उघडून जुनं ऑइल बाहेर काढलं. ते चहासारखं काळपट निघालं. या गाडीला डॉट 3 दर्जाचं ऑइल लागतं. नवं असताना ते 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषत गेलं की ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. घाटात ऑइल उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. पूर्ण ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. चाकाचे नट हवेच्या गनने न मारता हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. गनने एक नट जास्त आणि एक कमी आवळला की हबवर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. टायरच्या दुकानात चाक उघडलं जाईल तेव्हाही हातानेच आवळून घ्या, असं काकांना सांगितलं.

सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवून घेतले. 60 वरून मध्यम जोराने 15 पर्यंत, मग अर्धा किलोमीटर मोकळं चालू द्यायचं, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, आणि गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं तर मुळीच नाही. तसं केलं तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि तिथून पुन्हा ठोके सुरू होतात. घाट उतरून खाली नाक्यावर रांग लागली तर पाय ब्रेकवर रोवून न ठेवता सपाट जागेत हँडब्रेक लावावा, हे याचसाठी. घाटातून आल्याआल्या वॉशिंग सेंटरला जाऊन तापलेल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारून घ्यायचा नाही, हेही सांगितलं. आणि घाट तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे निम्मं काम इंजिन करतं. काका म्हणाले, ट्रकवाले हेच करतात. हो, तेच.

पुढची पौर्णिमा तुळजापूरला झाली, परतताना काकूंनाही फरक कळला. हजारभर किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावून चाकं उघडली. दोन्ही डिस्कच्या जाडीतला फरक मायक्रोमीटरवर 0.01 च्या आत, चारही पॅड सारखे झिजलेले, उजवी खालची पिन एका बोटाने सरकत होती. काकांनी आकडे स्वतःच्या वहीत, तारखेसकट, लिहून घेतले. पिनांना ग्रीस आता दर 10 हजार किलोमीटरला किंवा पावसाळ्यानंतर, जे आधी येईल ते. ब्रेक ऑइल 2 वर्षांनी. मागचे ड्रम त्याच वेळी उघडून लायनर साफ केले आणि हँडब्रेकची ओढ दोन खाचा कमी करून दिली.